वजनाचं पाणी

“डॉक्टरसाहेब, टीबी नाही, तं बाबाले गोळ्या कायच्या देऊन राह्यले?”

नीलिमानं विचारलं. बाबांना टीबीच असणार, ही मैत्रिणींनी लावलेली पैज जिंकून ती खुशीत बाबांकडे वळली.

“साचलेल्या पाण्यातला जंतू आहे,” डॉक्टर म्हणाले. “पाण्याचे तुषार श्वासात गेले, की तो कमजोर फुप्फुसात घर करतो. कुठं पाणी फवारता का?”

“नाही जी,” बाबा खोकत म्हणाले.

नीलिमाचं हसू विरलं. विकताना वजन जास्त भरावं म्हणून बाबा घरातल्या कापसावर शेवाळलेल्या हौदाचं पाणी रोज फवारायचे.

दोघं घरी आले, तर फवारणीचा पंप आईच्या पाठीवर होता. आता आईही खोकत होती.

नीलिमानं पंप ओढून घेतला.

“आई, बाबा, हौद मी आजच उपसीन. कापूस कोरडाच इकायचा. नाही तं अडत्याले मीच सांगीन, ओला हाये म्हून!”