कापलेल्या अकरा ओळी

मित्रांनो, मला पानं नाहीत, शाईचा वास नाही. कितीही जुना झालो तरी रद्दीवाला मला नेणार नाही. मी एक ब्लॉग आहे. बारा वर्षांपूर्वी एका चष्म्याच्या दुकानात, गिऱ्हाईक नसलेल्या दुपारी माझा जन्म झाला. तिथे काचा घासून फ्रेममध्ये बसवणारी बाई माझी लेखिका. नंबर वाढलाय हे काही केल्या मान्य न करणाऱ्या आजीबाई, आरशासमोर वीस फ्रेमा लावून शेवटी पहिलीच घेऊन जाणारे काका, असे सगळे ती माझ्यात उतरवायची. माझे वाचक एकोणीस, शुद्धलेखनाच्या चुका त्याहून जास्त. पण खाली कुणी "पोट दुखेपर्यंत हसलो" असं लिहिलं, की तिचा आठवडा मजेत जायचा.

घरी ती आणि तिचे बाबा, दोघंच. बाबा पूर्वी पाणीखात्यात मीटर वाचायचे. आई शाळेत शिक्षिका होती. ती जाऊन चार वर्षं झाली होती. एके दिवशी त्या शाळेच्या शिपायाचा फोन आला. बाबा आईचा स्वेटर हातावर घेऊन फाटकापाशी उभे होते आणि "बाई सुटल्या का?" असं विचारत होते. माझी लेखिका धावत जाऊन त्यांना घेऊन आली. त्याच आठवड्यात तिनं ते माझ्यात लिहिलं. सुरुवात हसवणारी होती, कारण तिला तसंच लिहिता यायचं. शेवटच्या अकरा ओळींत मात्र बाबा वळणावर थांबतात आणि म्हणतात, "ती नाही हे मला कळतं गं. पण साडेपाच वाजले की पाय तिकडेच वळतात."

त्या लेखाखाली कुणीच काही लिहिलं नाही. दोघांनी तिला फोन केला, एवढंच.

पुढे एका मोठ्या वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीच्या संपादिकेनं मला वाचलं आणि तिच्याकडे सदर मागितलं. खोटं कशाला बोलू, मीही हुरळलो. लाखो लोक ती पुरवणी चहाबरोबर वाचायचे. दमलेल्या माणसाला दोन घटका हसवणं हे काही लहान काम नव्हे. पहिल्या लेखासाठी स्वेटरचीच गोष्ट ठरली. "छापण्याआधी एकदा नजर टाकता का?" संपादिकेनं फोनवर विचारलं. दुकानात गर्दी होती. "तुम्हीच बघा, तुम्हाला जास्त कळतं," ती म्हणाली.

ऐनवेळी त्या पानावर मोठी जाहिरात आली आणि जागा कमी पडली. अकरा ओळी गेल्या. वर मथळा आला, "बायको हरवली, बाबा सापडले!" शेजारी डोकं खाजवणाऱ्या म्हाताऱ्याचं चित्र.

रविवारी सकाळी बाबा दाढीला गेले होते. न्हावी मनाने वाईट नव्हता, फक्त गमत्या होता. "काका, आज काकूंना आणायला नाही गेलात?" बाकावरचे सगळे हसले. बाबा गालावरचा फेस तसाच घेऊन, तिथली पुरवणी हातात धरून घरी आले. हे तिनं मला नंतर लिहून सांगितलं.

"हे तू लिहिलंस?"

"मी असं नव्हतं लिहिलं, बाबा. शेवट कापला त्यांनी."

"नाव तुझंच आहे ना?" एवढं बोलून ते तोंड धुवायला गेले.

तिनं सदर सोडलं. संपादिकेनं मनापासून माफी मागितली, आतल्या पानावर खुलासाही छापला. चौकटीतला तो खुलासा कुणी वाचला असेल असं मला वाटत नाही. बाबांनी बाहेर जाणंच बंद केलं. साडेपाचला ते खुर्चीत नुसते बसून राहायचे. मग हळूहळू त्यांना खरोखरच विसरायला होऊ लागलं.

मी कितीतरी दिवस वर्तमानपत्राच्या नावानं बोटं मोडली. पण मित्रांनो, बाबांना मी तरी कुठे विचारलं होतं? एकोणीस जणांना त्यांचं दुःख सांगताना परवानगी कुणी घेतली होती?

दीड वर्षानं तिनं मला पुन्हा उघडलं आणि तो लेख बाबांना वाचून दाखवला, सगळाच्या सगळा. त्यांनी शांतपणे ऐकला.

"कुणाचे वडील गं हे?"

तिनं त्यांचा चष्मा पुसून परत त्यांच्या डोळ्यांवर ठेवला.

"भला माणूस दिसतोय. त्याला कुणी हसलं तर नाही ना?"

"नाही, बाबा," ती म्हणाली.

त्यानंतर तिनं माझ्यात एक अक्षर लिहिलं नाही.

मित्रांनो, ब्लॉगवर लिहा, वर्तमानपत्रात लिहा, लोकांना भरपूर हसवा. पण ज्याच्याविषयी लिहाल, त्याला आधी विचारा. त्याला स्वतःची ओळख आहे, तोवरच विचारा. मला उशीर झाला.