तिसरा नकार

डोरीन नाकासोनेनं तांदूळ दोनदा धुतले. एकदा धुऊन झाल्यावर ती मागच्या दारात जाऊन उभी राहिली आणि परत आली तेव्हा धुतलेत की नाही हेच तिला आठवेना. बीफच्या खिम्याच्या टिक्क्या थापल्या त्या चार माणसांच्या. घरात माणसं दोन, त्यातलं एक उद्या सकाळच्या विमानानं जाणार.

जाणारा म्हणजे ब्रेंट, तिचा एकुलता एक मुलगा. कित्येक वर्षं तो सिअॅटलला होता. आठवडाभरासाठी हवाई बेटावर, हिलोला घरी आला होता आणि आत्ता शेवटचं पोहून घ्यायला समुद्रावर गेला होता. जाताना म्हणाला, ‘‘आई, आज लोको मोको कर. तिकडे मिळतो तो नुसता नावाला.’’ लोको मोको म्हणजे काही मेजवानी नव्हे. गरम भात, त्यावर टिक्की, त्यावर ग्रेव्ही, त्यावर अर्धकच्चं अंडं. हिलोत शाळकरी पोरंसुद्धा करतात. पण आज डोरीनची ग्रेव्ही गुठळ्या धरत होती, कारण तिचं निम्मं लक्ष रस्त्याकडे होतं.

हिलोतल्या एका दवाखान्यानं ब्रेंटला नोकरी देऊ केली होती. ती त्यानं घ्यावी, इथं, या घरात राहावं, एवढंच डोरीनला हवं होतं. नवरा गेल्यापासून तिला दुसरं काही नकोच होतं. आणि हे ती त्याला सांगत नव्हती.

सांगायचं नसतंच मुळी. डोरीनच्या घराण्यात कुणी काही देऊ केलं की आधी ‘नको’ म्हणायचं. पुन्हा विचारलं की पुन्हा ‘नको’. तिसऱ्यांदा विचारलं की ‘बरं, एवढं म्हणताय तर’ असं पुटपुटत हात पुढे करायचा. तिसऱ्यांदाही नको म्हटलं, तर ते खरं नको. मग कुणी विचारत नाही. तिची आजी याला जपानीत एनरियो म्हणायची. या एनरियोपायी तिच्या घरातली अर्धी माणसं आयुष्यभर अर्धपोटी उठली असतील, पण वळण म्हणजे वळण.

मागच्या दाराशी चपला निघाल्याचा आवाज आला. शेजारची लेटी आगुस्तिन पपया घेऊन आत आली आणि चुलीकडे बघून हसली.

‘‘गावजेवण आहे का गं?’’

‘‘हात चालत राहिला, मी काय करू?’’

‘‘सांगितलंस त्याला?’’

‘‘तो विचारेल अजून एकदा.’’ डोरीननं ग्रेव्ही जोरात ढवळली. ‘‘फोनवर विचारलं होतं, मी परत आलो तर तुला चालेल का? मी म्हटलं, माझी काळजी करू नकोस. मग विमानतळावरून येताना गाडीत विचारलं. मी म्हटलं, तुझं तिकडे छान चाललंय. झालं की दोनदा. आज तिसऱ्यांदा विचारलं की हो म्हणणार.’’

‘‘आणि नाही विचारलं तर?’’

‘‘विचारेल. वळण लावलंय मी त्याला.’’

‘‘वळण घेऊन बस उशाशी,’’ लेटी म्हणाली. ‘‘माझ्या पोराला मी सरळ सांगितलं, गेलास तर तंगडी मोडेन. बसलाय घरी.’’

लेटी गेली. डोरीनला तिचा राग आला आणि हेवाही वाटला. तिनं स्वच्छ ओटा पुन्हा पुसला. मॅकरोनी सॅलडची चव घेतली, मीठ घातलं, पुन्हा चव घेतली, आता खारट झालंय म्हणून आणखी मेयॉनीज ओतलं. बाहेर बेडूक ओरडू लागले तेव्हा ब्रेंट आला, ओल्या केसांचा.

तिनं ताट वाढलं. तो जेवू लागला. अंडं फोडून पिवळं ग्रेव्हीत कालवायची त्याची लहानपणची पद्धत तशीच होती. डोरीन बसली, उठली, मिरचीचं पाणी आणलं, बसली, लोणच्यासाठी पुन्हा उठली.

‘‘आई, बस ना.’’

‘‘बसलेय की. अजून एक टिक्की?’’

‘‘नको.’’

‘‘घे रे, पुष्कळ आहेत.’’

‘‘नको, खरंच.’’

‘‘उद्यापासून कोण देणार आहे?’’

‘‘बरं, एवढं म्हणतेस तर.’’

वळण शाबूत होतं. डोरीनला जरा धीर आला. आता विचारेल. पण ब्रेंट सिअॅटलच्या थंडीबद्दल बोलला, तिथल्या घरमालकाबद्दल बोलला. त्याचा भात संपत आला. तिच्यानं राहवेना.

‘‘त्या दवाखान्याचं काय झालं?’’

‘‘नाही म्हणून कळवलं. आज दुपारी.’’

डोरीनच्या हातातला चमचा ताटावर आपटला. ‘‘मला न विचारता?’’

‘‘विचारलं की तीनदा.’’

‘‘दोनदा! फोनवर आणि गाडीत.’’

‘‘आणि परवा ओसरीवर. मी म्हटलं, मागची खोली रिकामीच असते का? तू म्हणालीस, कुठली रिकामी, शिवणकाम भरलंय तिथं.’’ तो ताटाकडे बघत बोलत होता. ‘‘मी मनात म्हटलं, झाले तीन. आईला खरंच नकोय.’’

डोरीनला ती दुपार आठवली. ती शेंगा मोडत होती, आणि तिला वाटलं होतं की पोरगा आपला खोलीची चौकशी करतोय. इतकं आडून विचारायला त्याला कुणी शिकवलं? तिनंच. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

‘‘ब्रेंट,’’ ती म्हणाली. असं वाक्य तिनं नवऱ्यालाही कधी ऐकवलं नव्हतं. ‘‘जाऊ नकोस. मला तू इथं हवा आहेस.’’

तो एकदम लाजला. ‘‘नको आई. माझ्यामुळे तुला काम वाढेल.’’

‘‘वाढू दे. राहा.’’

‘‘आता नाही म्हणून झालंय. बरं दिसत नाही.’’

‘‘गेलं खड्ड्यात बरं दिसणं. राहा.’’

ब्रेंटनं चमचा खाली ठेवला. मग हळू म्हणाला, ‘‘नको, आई.’’

तिसरा नकार. यानंतर विचारायचं नसतं. यानंतर माणूस ताटं उचलतो, सांभाळून जा म्हणतो आणि दारातून हात हलवतो. डोरीनच्या आईनं तेच केलं असतं, आजीनं तेच केलं असतं. डोरीन उठली. ताटं तिनं तिथंच राहू दिली. टेबलाला वळसा घालून ती मुलाशेजारच्या खुर्चीवर बसली आणि त्याचं मनगट तिनं घट्ट धरलं.

‘‘राहशील का?’’ तिनं चौथ्यांदा विचारलं.

ब्रेंटनं चमकून तिच्याकडे पाहिलं. ‘‘पुन्हा हो म्हणून सांगायला जायचं तर दवाखाना उघडायच्या आधी माझं विमान सुटतं,’’ तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

‘‘मग सुटू दे.’’

त्यानं हात सोडवून घेतला नाही. ‘‘बरं,’’ तो म्हणाला.