सुरगाण्याला निघालेलं गाठोडं

मी एक गाठोडं बोलतोय. कपड्यालत्त्याचं नव्हे, संगणकाच्या प्रोग्रामचं. माझं नाव 'गिरवणी'. पडद्यावर मराठी अक्षर दिसतं आणि पोरांनी कळ शोधून ते उमटवायचं, एवढंच माझं काम.

दोन हजार पाच साली मला नाशिकच्या प्रतिभाने घडवलं. फुलशेती करणाऱ्या घरातली ही मुलगी. तिला गळ घातली ती सुरगाण्याकडच्या आश्रमशाळेतल्या वाल्मीक सरांनी. शाळेला देणगीत जुने संगणक मिळाले होते. सगळ्यांवर लिनक्स ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली, पण प्रत्येकावर तिचा निराळा अवतार. एकावर चालणारा प्रोग्राम दुसऱ्यावर हटून बसायचा.

"मॅडम, मुख्याध्यापक म्हणतात, दिवाळीपर्यंत पोरं काही शिकली नाहीत तर संगणकांची खोली रिकामी करा," सर म्हणाले.

"सर, तुमच्याकडची माणसं द्राक्षाच्या कामाला उतरतात, तेव्हा तवा-पातेल्यांपासून नागलीच्या पिठापर्यंत सगळं सोबत आणतात ना? याला तसंच बांधते."

लागणारी प्रत्येक बारीकसारीक फाइल तिने माझ्या पोटात भरली. कुठल्याही लिनक्सवर जा, कुणापुढे हात पसरायला नको. मला केवढा ताठा आला होता!

तिचा कामातला जोडीदार कुंदन बोलण्यात बहाद्दर. "प्रतिभा, गाठोडं जड होतंय. मराठी अक्षरांचा फाँट कशाला कोंबतेस? तो असतोच सगळीकडे." त्याने तो काढून टाकला. दोघांच्याही संगणकांवर फाँट आधीपासून होता, म्हणून मी तिथे झकास चाललो. आपल्या घरी आहे ते जगाच्या घरी असणारच, ही शहरातल्या माणसांची जुनी खोड.

सीडीवर बसून मी शाळेत पोहोचलो. पोरं दाटीने उभी होती. एकावर सुरू झालो, दुसऱ्यावरही झालो. सरांचा चेहरा खुलला. पण अक्षरांच्या जागी नुसते रिकामे चौकोन!

"हे काय, पोरांना फरश्या मोजायला शिकवणार?" मुख्याध्यापक हसले. मग पोरंही हसली. सर खाली मान घालून उभे राहिले. माझी चूक नव्हती, तरी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सरांनी फोनवर चौकोनांचं सांगितलं, तशी प्रतिभाने फाँट परत घातला आणि जीपवाल्या झुंबरच्या हाती मला नव्या सीडीवर धाडलं. दिवाळी अजून लांब होती. खोलीत मात्र तांदळाची पोती लागली होती.

"आता चालतंय हो हे," सर काकुळतीला आले.

"चालत असेल. झाली तेवढी शोभा पुरे, सर."

एकदाही कुणी मला लावून पाहिलं नाही. सरांनी सीडी झुंबरकडे परत दिली. ती प्रतिभापर्यंत काही गेली नाही.

आता मी त्याच्या जीपमध्ये आरशाखाली दोऱ्याला लटकतोय. सुट्टीला घरी निघालेली आश्रमशाळेची पोरं याच जीपने जातात. परवा एका मुलीने मला बोट लावलं.

"काका, ह्याच्यात काय हाय?"

"काय नाय गं. नुसतं चमकतं."

आहे गं बाई, अ पासून ज्ञ पर्यंत सगळं आहे. मी ज्यावर लिहिलेला आहे तो सीडीचा थर काचेतून येणारं ऊन रोज थोडा थोडा खातंय. तो जायच्या आत कुणीतरी मला एकदा लावून बघा रे.