जपून उतरवा

पोती खाली उतरवायला त्या मालवाहतूक कंपनीकडे सरकता पट्टा होता. पोती फुटतात, नुकसान होतं. पोत्यांवर ताडपत्री बांधायला चढलेल्या ड्रायव्हरने मात्र टायरवर पाय टेकून उतरायचं, मग टायर ओला असो की तेलकट. आणि तो पडलाच, तर आवारात शिट्टी घुमायची आणि आरोळी उठायची, "पिकला रे!" पिकलेलं फळ गळतं, म्हणून हा विनोद. तो मूळचा मॅनेजरसाहेबांचा, आणि साहेबांच्या विनोदाला हसणं नोकरीतच येतं. पिकलेल्याला लांबची, जास्त भत्त्याची फेरी मिळत नसे. साहजिकच त्या आवारात कोणी पडतच नसे. घरी जाऊन कण्हत असे.

अशाच एका ड्रायव्हरच्या बायकोच्या एका सकाळी लक्षात आलं, की नवरा लेकीला उचलून घेत नाही. भिंतीला हात लावून आधी खाली बसतो, मग म्हणतो, "दे तिला इकडे." पाठ काळीनिळी झालेली. उशी बदलली म्हणून आखडली, म्हणाला. घरात उशी एकच होती, ती लेकीची. ती खनपटीला बसल्यावर त्याने पडल्याचं कबूल केलं आणि कुणाला सांगू नकोस म्हणून गयावया केली.

दुपारी ती लेकीला कडेवर घेऊन थेट आवारात गेली. नवरा भरलेल्या गाडीवर दोर आवळत होता. तिने साहेबांकडे शिडी मागितली.

"वहिनी, ड्रायव्हर आहे तो. काचेचं भांडं नाही."

"काचेचा असता तर तुम्ही जपून उतरवला असता."

वरून त्याने ऐकलं. लेकीने त्याच्याकडे हात पसरले होते. तो कडेपर्यंत आला, टायरकडे पाहिलं आणि तिथेच ताडपत्रीवर बसला.

"मी मंगळवारी पडलोय, साहेब. शिडी येईपर्यंत मी वरच. गाडी हलणार नाही."

"पिकला वाटतं," साहेब म्हणाले. कुणी हसलं नाही. शिट्टी मारण्यात कायम पुढे असणारे म्हातारे ड्रायव्हरकाका खाकरले. "मीपण पडलोय. कंबर अजून धरते." मग आणखी एक बोलला, मग आणखी एक.

शिडी होती. साहेबांच्या केबिनमध्ये, कंपनीच्या पाटीवरची धूळ झटकायला. आणायला कुणी जागचं हलेना, तेव्हा साहेबांनाच ती खांद्यावर वाहून आणावी लागली.

तो एकेक पायरी उतरला, आवाराच्या भिंतीला हात लावून खाली बसला आणि म्हणाला, "दे तिला इकडे."

आपल्या दारात हमाल नवं कपाट उतरवतात, तेव्हा आपणही धावत बाहेर जातो. "जपून हो, ओरखडा उठेल," म्हणतो. कपाटालाच म्हणतो.