पुढच्या सीटवरची तहान

क्रेनबाईला तहान लागत नसे. लागली तरी ती तिला भीक घालत नसे.

उंच इमारतींच्या बांधकामावर टॉवर क्रेन चालवणं हे तिचं काम. सकाळी एकदा शिडी चढून वर केबिनमध्ये बसली, की जेवणाच्या सुट्टीपर्यंत खाली उतरायचं नाही. मध्येच उतरायचं म्हटलं तर तेवढा वेळ खाली सगळ्यांचे हात थांबणार, आणि मुकादम आभाळाकडे तोंड करून शिव्यांची लाखोली वाहणार. केबिनमध्ये एक खुर्ची, हाताशी दोन दांडे, चारी बाजूंनी काच आणि डोक्यावर एक छोटा पंखा. बाकी सोयीच्या नावाने शून्य. तेव्हा तिने साधा उपाय शोधला होता. पाणीच प्यायचं नाही! आत काही गेलंच नाही, तर बाहेर जायला उतरावं कशाला लागेल? साइटवरचे लोक तिला कौतुकाने ‘उंट’ म्हणत, आणि बाई ती पदवी मिरवत असे.

थोरल्या नणंदेला, म्हणजे ताईंना, हे अजिबात मान्य नव्हतं.

ताई एके काळी पट्टीच्या सायकलस्वार होत्या. लोक गाडीने जायला कुरकुर करतील असे रस्ते त्या सायकलने जाऊन यायच्या आणि वर संध्याकाळी भाजी निवडायला बसायच्या. मग डोळ्यांचं दुखणं आलं. दोन्ही कडांनी अंधार आत सरकत गेला आणि काही वर्षांत दिसायचं पार बंद झालं. ताईंनी त्याचं रडगाणं गायलं नाही. बाल्कनीत जागच्या जागी चालवायची सायकल आणून ठेवली आणि तिच्यावर रोज घाम गाळू लागल्या. “आज कुठपर्यंत मजल?” असं कुणी विचारलं, की त्या म्हणत, “कठड्यापर्यंत.” सगळे हसत. क्रेनबाई मात्र हसत नसे.

शहरातल्या सायकल क्लबकडे एक जोडसायकल होती. दोन सीट, पेडलच्या दोन जोड्या. पुढचा बघणार, वळवणार, ब्रेक लावणार. मागचा फक्त पेडल मारणार. मागे दृष्टी नसलेला माणूस बसला तरी चालतं, अट एवढीच की पुढच्याने तोंड बंद ठेवायचं नाही. खड्डा आला तर खड्डा, वळण आलं तर वळण, सगळं आधी सांगायचं. ही जोडसायकल क्लब वर्षभरासाठी एकाच जोडीच्या हवाली करत असे, आणि त्यासाठी चाचणी होती. डोंगरापलीकडच्या तलावापर्यंत जायचं आणि सूर्य मावळायच्या आत परत यायचं. परत आल्यावर क्लबचे चिटणीस मागच्या स्वाराला बाजूला घेऊन चार प्रश्न विचारत. त्या उत्तरांवर निकाल. या वर्षी आधी ताईंचा नंबर होता; त्यांना जमलं नाही, तर दुसरी जोडी हेल्मेट घालून तयारच होती.

ताईंच्या पुढे बसणार कोण? सख्ख्या भावाला, म्हणजे क्रेनबाईच्या नवऱ्याला, सोफ्यावरून उठून दार उघडतानाही धाप लागायची. त्याने छतावरच्या पंख्याचं निरीक्षण सुरू केलं.

“मी आहे ना,” क्रेनबाई म्हणाली. ती नेहमी असंच बोलायची. टनावारी लोखंड आभाळात फिरवणाऱ्या बाईला एका नणंदेचं काय ओझं!

आणि खरंच, जोडी झकास जमली. सुट्टीच्या दिवशी क्लबची जोडसायकल सरावाला घेऊन दोघी निघत, आणि पुढून हाकाऱ्यासारखा आवाज येई, “खड्डा! डावं वळण! कुत्रं आहे, पण झोपलंय!” मागून ताईंचे पाय असे फिरत की क्रेनबाईला वाटे, कुणीतरी पाठीवर हात ठेवून ढकलतंय.

पाण्याचा नियम ताईंचा होता. प्रत्येकीच्या दोन बाटल्या. एकीत साधं पाणी, दुसरीत मीठ, साखर आणि लिंबू घातलेलं. ताईंच्या मनगटावरचं घड्याळ ठरावीक वेळाने टुणटुणायचं, की दोघींनी दोन-दोन घोट घ्यायचे. तहान असो वा नसो.

“तहान लागायची वाट बघायची नाही,” ताई बजावत. “लांबच्या वाटेवर ती उशिरा येते आणि आली की घर धरून बसते. आणि नुसतं पाणीही ढोसायचं नाही. घामातून मीठ जातं, ते कुठून भरून काढणार?”

“हो ताई,” क्रेनबाई म्हणे. मनात म्हणे, उंटाला शिकवतायत.

चाचणीच्या दिवशी सकाळी तिने मनाशी हिशेब मांडला. डोंगरापलीकडचा रस्ता उघडाबोडका. प्यायचं म्हणजे थांबायचं, थांबायचं म्हणजे झुडूप शोधायचं, आणि तोवर ताईंनी एवढी लांबलचक सायकल धरून रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. वेळ जाणार तो वेगळाच. त्यापेक्षा कामावर करतो तेच करू. एका दिवसाचा तर प्रश्न आहे! फक्त ताईंना कळता कामा नये, नाहीतर त्या पेडलच मारायच्या नाहीत.

घड्याळ टुणटुणलं.

“प्यायलीस?” मागून आवाज.

क्रेनबाईने बाटली काढली, झाकण टक्कन उघडलं, ओठ ओले केले, टक्कन बंद केलं. “प्यायले.”

ओठ ओले झाले म्हणजे अगदीच खोटं नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली. पुढच्या वेळी तेच, त्याच्या पुढच्या वेळीही तेच. ताई मात्र प्रामाणिकपणे घोट घेत होत्या, आणि तलावाजवळ नोंद घ्यायला उभ्या असलेल्या क्लबच्या माणसाने त्यांना हात धरून आडोशाला नेऊनही आणलं. “तुला नाही जायचं?” त्यांनी विचारलं. “माझं झालं मघाशीच,” बाईने ठोकून दिलं. तलावापर्यंत त्या अपेक्षेपेक्षा लवकर पोचल्या होत्या आणि क्रेनबाईचा पाय जमिनीवर ठरत नव्हता.

आता यात एक गोम होती, आणि ती कुणाही शहाण्या माणसाला सांगता आली असती. केबिनमध्ये ती पंख्याखाली बसून दांडे हलवत असे. इथे भर उन्हात दोन जणींची सायकल ओढत होती. अंगातून पाण्याच्या धारा निघत होत्या आणि आत थेंब जात नव्हता. उंटालासुद्धा आधी पोटभर प्यावं लागतं, पण ही गोष्ट बाई सोयीस्करपणे विसरली होती.

परतीच्या वाटेवर डोंगराचा चढ लागला. आधी कपाळ ठणकू लागलं. मग जीभ टाळूला चिकटली आणि तिच्या हाका आखूड झाल्या. “वळण” ऐवजी नुसतं “वळ”. मग एवढ्या उन्हात अंगावर काटा आला, थंडी वाजल्यासारखा, तेव्हा मात्र ती चरकली. पण माथा तर आलाच होता. पुढे उतार. उतारावर काय, बसून राहायचं!

उतारावर एक स्पीडब्रेकर होता. तो तिला दिसला. दिसला, पण सांगायचं असतं हेच डोक्यात आलं नाही. ब्रेक उशिरा दाबले गेले आणि सायकल धाडकन उडाली. पुढचं चाक वेडंवाकडं वळलं, क्रेनबाईने कसंबसं सावरलं, आणि मागून ताईंच्या तोंडून एक बारीकसा आवाज आला. ताईंच्या तोंडून असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता.

रस्त्याच्या कडेला एका झाडाखाली त्या थांबल्या. ताईंचं कोपर पुढच्या सीटवर आपटून खरचटलं होतं. दोन्ही हातांनी त्यांनी सीट घट्ट धरून ठेवली होती, जणू अजून सायकल चालतेच आहे.

“इथेच थांबू या,” मग त्या हळूच म्हणाल्या. “म्हणजे क्लबवाल्यांना फोन कर. गाडी घेऊन येतील.”

“का? काय झालं?”

“मला कळतंय गं सगळं. चढावर तुझा जीव जात होता. माझे पाय आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, तुला मला ओढावं लागतंय. दमून दमून तुझा आवाज बंद झाला, तरी तू बोलायची नाहीस. बाल्कनीत बरी आहे मी. उगाच हौसेपायी तुला मारायची काय?”



क्रेनबाईला साइटवरचा एक सिग्नलमन आठवला. उंचावरून भिंतीपलीकडचं काही दिसत नाही. तिथे खालून वॉकीटॉकीवर जो बोलतो, त्याच्या शब्दावर क्रेनचा दांडा हलवायचा. त्या माणसाने न बघताच “मोकळं आहे, सोड” म्हणून सांगितलं होतं. लोखंडी तुळई एका वेल्डरच्या डोक्यापासून हातभर अंतरावर थांबली, तीही नशिबाने. क्रेनबाई त्या दिवशी शिडीवरून तडक उतरली होती आणि त्या माणसाला साइटवरून हाकलेपर्यंत पुन्हा वर चढली नव्हती. ज्याला दिसत नाही त्याला खोटं सांगणाऱ्याला माफी नाही, असं तिने मुकादमाला ठणकावलं होतं. आणि आज सकाळपासून ती स्वतः काय करत होती? घड्याळ वाजलं की टक्कन झाकण उघडून “मोकळं आहे” म्हणून सांगत होती.

“ताई, तुमचे पाय ठणठणीत आहेत,” ती म्हणाली. घसा इतका कोरडा होता की शब्द खरवडून काढावे लागत होते. “मी पाणी प्यायले नाही.”

“म्हणजे?”

“सकाळपासून. एक घोट नाही. नुसतं झाकण वाजवत होते. थांबायला लागू नये म्हणून. माझं डोकं गरगरतंय, स्पीडब्रेकर दिसूनही मला सांगता आलं नाही. तुम्हीच मला ओढलंत चढावर. मला आता जमत नाहीये ताई.”

‘मला जमत नाहीये’ हे वाक्य तिच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा बाहेर पडत होतं, आणि ते काही सहज निघालं नाही.

ताईंचा चेहरा आधी कोरा झाला. मग लाल झाला. मग त्यांनी जी तोफ डागली ती इथे सगळी लिहिण्याजोगी नाही. गाढव हा त्यातला सर्वांत सौम्य शब्द होता. “माझे डोळे गेलेत, तुझी तर अक्कल गेली! मी इथे स्वतःच्या पायांना रडतेय, आणि तू झाकणं वाजवतेस? बैस खाली. सावलीत बैस!”

बाई मुकाट्याने बसली. ताईंनी चाचपडत लिंबाच्या पाण्याची बाटली काढली, तिच्या हातात दिली, आणि आपली बोटं सरळ तिच्या गळ्यावर ठेवली. “आता गीळ. मला कळलं पाहिजे. घटाघटा नाही, उलटी होईल. एक घोट. थांब. आता दुसरा.”

टनावारी लोखंड उचलणारी बाई लहान मुलासारखी गळ्यावर नणंदेची बोटं घेऊन पाणी पीत होती. रस्त्याने जाणाऱ्या एका ट्रकवाल्याने हा प्रकार पाहिला आणि गाडीचा वेग वाढवला.

सूर्य कलत होता. क्रेनबाईची दोनदा चुळबुळ झाली, पण ताईंनी उठू दिलं नाही. कपाळाचा ठणका ओसरला, हातावरचा काटा गेला, डोळ्यांपुढचा रस्ता जागच्या जागी राहू लागला, तेव्हा कुठे दोघी सायकलवर बसल्या.

“वेळेत नाही पोचलो तर?” क्रेनबाई म्हणाली.

“तर नाही पोचलो. तू रस्ता सांग.”

आणि तिने सांगितला. खड्डे सांगितले, वळणं सांगितली, समोरून येणारी म्हैसही सांगितली. मध्येमध्ये स्वतःचंही सांगू लागली. “दोन घोट प्यायले. पाय बरे आहेत. डोकं थोडं दुखतंय, हळू घेतेय.” आणि ऐन शहराच्या वेशीपाशी, एकेक क्षण मोलाचा असताना, ती म्हणाली, “ताई, थांबावं लागतंय. आत्ताच्या आत्ता.”

“वा!” ताई मागून ओरडल्या. “शाबास! जा पळ!”

झुडपामागून ती परत आली तेव्हा ताई सायकल धरून हसत उभ्या होत्या. मग दोघींनी पेडलवर असा जोर लावला की साखळी कुरकुरू लागली. क्लबच्या फाटकात त्या शिरल्या तेव्हा गच्चीवर उन्हाची शेवटची तिरीप होती. चिटणीसांनी त्या तिरिपेकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि मान डोलावली.

“आता मागचे स्वार इकडे या. पुढच्यांनी जरा लांब थांबायचं.”

“राहू द्या तिला इथेच,” ताई म्हणाल्या. “दिवसभर मी तिच्या पाठीमागेच होते. आता जे बोलायचं ते तोंडावर बोलते.”

चिटणीसांनी खाकरून पहिला प्रश्न विचारला. “पुढच्या स्वाराने तुमच्यापासून काही लपवलं का?”

“हो.”

क्रेनबाईने मान खाली घातली. गेली सायकल, तिला वाटलं. आणि ताईंनी खोटं बोलावं असंही तिला वाटेना. चिटणीसांनी चष्मा वर सरकवला.

“वाटेत भीती वाटली?”

“वाटली. भरपूर वाटली. ती पुढे गप्प होती आणि का गप्प आहे ते मला कळत नव्हतं, तेव्हा.”

“मग ती भीती गेली का?”

“गेली. मला जमत नाहीये, असं ती स्वतःच्या तोंडाने म्हणाली, तेव्हा.”

“मग परत बसाल यांच्या मागे?”

“अहो, ठीक आहे म्हणणारे सगळेच भेटतात,” ताई म्हणाल्या. “नाही जमत म्हणून सांगणारी मिळालीय. मी हिच्या मागे कुठेही बसेन.”

चिटणीसांनी खिशातून साखळी-कुलपाची किल्ली काढली आणि ताईंच्या तळहातावर ठेवली. ताईंनी मूठ मिटली. शेजारून नाक ओढल्याचा आवाज आला. मग आणखी एक. क्रेनबाई उभ्या उभ्या हमसून रडत होती, आणि ते लपवावं असं तिला वाटलंही नाही.

ताईंनी तिचा दंड शोधला आणि गदागदा हलवला.

“पुरे कर गं बाई! एवढं घोट-घोट करून पाजलंय, सगळं वाया घालवतेस?”