आंब्याखालची पिशवी

कडूबाईचा नवरा श्रीमंत वारला तेव्हा भावकीनं ठरवलं, प्रवरेत राख सोडायची नाही. बांधावर पुरायची आणि वर झाड लावायचं. कडूबाईला ते मनापासून पटलं. नवरा वाहून जाण्यापेक्षा डोळ्यांसमोर राहील, केशर आंब्याच्या मुळांत शिरेल, पानांत येईल. त्या एका आशेवर तर ती अंथरुणातून उठली.

राख भरायला पिशवी लेकानं, कल्याणनं आणली. तो नागापूरच्या एका कंपनीत अशाच पिशव्यांचे गठ्ठे बांधायचा. हिरवी, मऊ, वर ‘विघटनशील’ असं छापलेलं. “आये, मातीत विरघळती ही,” तो म्हणाला. छापील अक्षरावर आपल्या लोकांचा देवापेक्षा जास्त विश्वास. कधी विरघळते, कशात विरघळते, हे एकानंही विचारलं नाही.

कडूबाई रोज कळशीभर पाणी घालायची आणि आंब्याशी बोलायची. गाय व्याली, लेकीला दुसरी मुलगी झाली, सगळं सांगायची. पण वर्ष उलटलं तरी कलम वीतभरही वाढलं नाही. पानं कडेनं करपली. मुळं खाणारी हुमणी अळी लागली असेल म्हणून सुट्टीच्या दिवशी तिनं कल्याणला खणायला सांगितलं. त्याचा हात उचलेना. शेवटी खोरं तिनंच घेतलं.

हुमणी नव्हतीच. मुळं खाली जाऊन अडली होती आणि तिथंच वेटोळं घालून कुजली होती. त्यांच्याखाली पिशवी, गाठीसकट धड.

“ही तर जशीच्या तशी हाय!”

“कारखान्यात कचऱ्याचा ढीग तापवत्यात, त्यात विरघळती ती,” कल्याण खाली बघत म्हणाला. “गार मातीत न्हाई. सायबानं सांगितलं.”

“कवा?”

“दिवाळीत.”

दिवाळीला सात महिने होऊन गेले होते. कडूबाई मातीत बसली.

“मग बोलला का न्हाईस?”

“तू झाडासंगं बोलत बसायचीस. माझा धीरच झाला न्हाई.”

लेकाचा राग यावा, तर तोही येईना. तिनं गाठ सोडली. कोरडी राख ओंजळीनं खड्ड्यात घातली, बोटांनी मातीत कालवली. “वर्षभर कोंडून ठिवलं की वो तुमाला,” ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले.

“कल्याण, म्हंजी माझं एक बी बोलनं त्यांच्यापतुर पोचलं न्हाई?”