मुकी पट्टी

सेवकरामचा कीबोर्ड म्हणजे प्लॅस्टिकचा, हातभर लांब, बॅटरीवर चालणारा. लेकरांच्या खेळण्याहून जरासाच बरा. पण त्याच्यावर या गड्याने मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांच्या, नाटकांत बावीस हंगाम काढले. मग नाटकवाल्यांनी मोठे कीबोर्ड आणले, सोबत वाजवणारे तरणे गडी आणले, आणि सेवकराम लाखांदूरला घरी बसला. बोलवायला कोणी येईना. त्याला ते लागलं होतं, खोटं कशाला बोला!

म्हणून तेजस्विनीचा फोन आला तेव्हा तो हरखून गेला. पोरगी भंडाऱ्याच्या विणकर घरातली, पुण्यात गाणी बनवते; नाटकवाल्यांकडून त्याचा नंबर मिळवलेला. म्हणाली, "काकाजी, जुन्या स्वस्त कीबोर्डाच्या आवाजाले आता भल्ली मागणी आहे. मोठमोठे लोक तोच पातळ, खरखरता आवाज शोधून राहिले. येऊ का मी?"

सेवकरामने दाढी केली, नवा सदरा काढला, तीन गाण्यांची तालीम केली.

"लगीन तं नाही ना तुमचं?" बायको गिरजाबाईने विचारलं.

"तुले काय समजते," तो म्हणाला, पण हसला.

पोरगी दुपारच्या एसटीने आली. चहा झाला. तिने कीबोर्डाच्या टीचभर स्पीकरजवळ माईक ठेवला, कानाला हेडफोन लावले, लॅपटॉप उघडला. सेवकरामने बोटं मोडली आणि पहिलं गाणं धरलं. दोन ओळी झाल्या नाहीत तोच ती म्हणाली, "नाही काकाजी, गाणं नोको. एकेक पट्टी दाबा फक्त. बाकी मी तिकडे जुळवते."

घ्या! बावीस हंगामांची विद्या, आणि पाहिजे काय, तर दाबायला एक बोट. सेवकरामचं तोंड एवढंसं झालं. पण पोरगी पाहुणी. तो दाबत गेला.

आता यात एक गोम होती. मधली एक काळी पट्टी मुकी होती. फार वर्षांपूर्वी चालू नाटकात कोणाचा तरी चहा तिच्यावर सांडला. नायिकेचं रडण्याचं गाणं सुरू, आणि नेमका तोच सूर हवा. सेवकरामने पट्टी दाबली आणि तोंड मिटून सूर घशातूनच काढला. कोणाच्या बापाला कळलं नाही. दुरुस्त करू करू म्हणता ते राहूनच गेलं, आणि सवय अशी जडली की त्या पट्टीवर बोट पडलं की घसा आपोआप वाजायचा.

आजही वाजला. तेजस्विनीची नजर लॅपटॉपवर होती, ती दचकलीच.

"थांबा! हीच परत दाबा." त्याने दाबली. "अगाई गं, अंगावर काटा आला माझ्या! अशी मशीन मी कुठंच नाही पाहिली. या एका पट्टीत जीव आहे, काकाजी."

सांगावं? जिभेवर आलं होतं. पण सांगितलं तर पोरगी म्हणेल, म्हाताऱ्याने फसवलं. जन्मात पहिल्यांदा कोणी त्याच्या सुराला असं म्हटलं, आणि नाव झालं प्लॅस्टिकचं! त्याने पुढची पट्टी दाबली. जाताना तिने महिनाभरासाठी कीबोर्ड मागितला, तोही त्याने देऊन टाकला.

गिरजाबाई आतून सगळं ऐकत होती. "सांगतलं काहून नाही तिले?"

"तिले मशीन पाहिजे व्हती," सेवकराम म्हणाला. "मी नाही."

आठव्या दिवशी सकाळी फोन आला. पोरगी रडकुंडीला आलेली.

"काकाजी, माफ करा मले. ती पट्टी वाजूनच नाही राहिली. गाडीत धक्का बसला असन. दोघा कारागिरांना दाखवली, तं म्हणतात, ही बारा-पंधरा वर्षांपासून मेली आहे. असं कसं होईन? मी ऐकलं ना माझ्या कानांनी!"

गिरजाबाई तांदूळ निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "आता तरी बोला."

सेवकरामने फोन जवळ धरला, तोंड मिटलं आणि तो सूर लावला. दम पुरला तोवर लावला.



"काकाजी," तेजस्विनी हळूच म्हणाली, "त्या दिवशी मी मधातच थांबवलं, ते गाणं... पूर्ण ऐकवान का मले?"

"कीबोर्ड तं तुझ्यापाशी हाय, बेटा."

"मी घेऊन येते. या रविवारीच येते."

"ये," सेवकराम म्हणाला. "पण ते पट्टी दुरुस्त नोको करू."